वासाला गिऱ्हाईक

सातपूर, नाशिक
३ फेब्रुवारी

सौ. लता,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण नवऱ्याला न विचारता पिशवी भरून पुण्याला लेकीकडे जाऊन बसणाऱ्या बाईचं माझ्या आशीर्वादावाचून काही अडत नसावं. म्हणून नुसतं पत्र. फोन तू उचलत नाहीस, आणि परत परत फोन करायला मी काही विमा विकत नाही.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. गल्लीतली माणसं विचारतात, वहिनी कुठे आहेत? मी सांगतो, लेकीचं घर लावून द्यायला गेलीय. चार पाहुण्यांसमोर ‘तुला काय कळतं’ एवढं म्हटलं म्हणून कोणी संसार सोडतं का? कारखान्यात मी सगळी हयात फोरमन होतो. पाळीवरच्या प्रत्येकाला रोज हेच ऐकवायचो. एकानेही काम सोडलं नाही.

असो. सातपुरात फ्लूची साथ आलीय. कंपन्यांच्या बसमधून पोरं खोकत जातात आणि खोकत येतात. आपल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांतली दोघं अंथरुणाला खिळलीत. एक तो ओम, कळवणकडचा, ज्याला तू गुपचूप जास्तीची भाकरी वाढायचीस. न्हाणीघर, नळ, जिन्याचा कठडा, कॅरमबोर्ड, सगळं सगळ्यांना मिळून एकच. तेव्हा एकाचं दुसऱ्याला होणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता शहाण्यांचं ऐक. पहिला शहाणा माझा देवळ्याचा भाऊ. फोन करून म्हणतो, “दादा, खोलीत कांदा कापून ठेव. कांदा हवेतले जंतू ओढून घेतो.” मी म्हटलं, कांदा जंतू ओढत असता तर अख्ख्या देवळा तालुक्यात कोणाला शिंक आली नसती. फोन ठेवला त्याने. खरं बोललं की आपल्या घराण्यात फोन ठेवतात.

दुसरी शहाणी तुझी लेक. बापाशी बोलायला तिला तोंड नाही, पण उपदेश करायला मोबाइल चालतो. हा लांबलचक मेसेज. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मळ असला तर वरून लावलेलं औषध काम करत नाही. मग ब्लीचचं पातळ पाणी लावा, रोज ताजं करून. लावल्या लावल्या पुसू नका, दहा मिनिटं ओलं राहू द्या. बाटलीवर कोणता जंतू किती वेळात मरतो ते लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका. वासावर जाऊ नका. एकात दुसरं मिसळू नका. खिडक्या उघड्या ठेवा.

दहा मिनिटं! म्हणजे फोरमन केरू आहेर याने आता जिन्यात उभं राहून कठडा वाळतो का ते बघायचं. पुण्याच्या दवाखान्यात जंतूंच्या मागे फिरायचा पगार मिळतो म्हणून ही बापाला फडकं मारायला शिकवणार. एकात दुसरं मिसळू नका म्हणे. चहात साखर मिसळू का, ते तेवढं विचारायचं राहिलं.

मी उत्तर दिलं नाही. गल्लीच्या टोकाच्या योगेशकडून गुलाबी औषधाचा कॅन आणला. हा योगेश आधी मोबाइलचं रिचार्ज करायचा, मग अगरबत्त्या विकल्या, आता पत्र्याच्या शेडमध्ये जंतुनाशक बनवतो. माणूस बिनकामाचा आहे, पण औषध दमदार आहे. लंकाबाईने सकाळी जिना पुसला तर वास थेट रस्त्यापर्यंत गेला. कंपनीला निघालेली पोरं नाकाला रुमाल लावून जात होती. ज्याचा माणसाला एवढा त्रास होतो, त्याने जंतू जगतील का?

लंकाबाई मात्र कुरकुरत होती. “निकिताताईनं मलाबी फोन केला व्हता,” म्हणाली. तुम्ही दोघींनी मिळूनच त्या पोरीला डोक्यावर बसवलं. एकीने जन्म दिला, दुसरीने ती शाळेत जाईपर्यंत कडेवरून खाली उतरू दिलं नाही. स्वयंपाक सोडून आता ही बाईसुद्धा जंतूंवर बोलायला लागलीय.

घर नीट चाललंय, हे कळवण्यासाठी हे पत्र. दुसरा काही हेतू नाही.

केरू

---

९ फेब्रुवारी

लता,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘निकिता सांगते तसं करा आणि लंकाबाईला जपा.’ मला जपा असं कुठे नाही. हरकत नाही. मी दणकट आहे.

आणखी तिघं आजारी पडले. ओमला उठून बसवलं तरी धाप लागते. त्याला न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत एकटं ठेवलंय. डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत आणि श्वास वाढला तर लगेच दवाखान्यात आणा म्हणून बजावलंय. पोरगा कण्हत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. त्याच्या आईचा गावाहून फोन येतो. तो मोबाइल लंकाबाईकडे देतो आणि ती खुशाल थाप मारते, “जेवला आत्ता, झोपलाय.”

गुलाबी औषध सकाळ-संध्याकाळ चालू होतं. पाव कॅन संपला. मग मी उरलेला कॅन घेऊन योगेशच्या शेडवर गेलो. हा खुर्चीत बसून बाटल्यांना कमळाच्या चित्राचं लेबल चिकटवत होता.

म्हटलं, “योगेश, हे मारतं कशाला?”

“सगळ्याला, नाना. नव्व्याण्णव टक्के.”

“फ्लूला?”

“सगळ्यात फ्लू आलाच की.”

“किती वेळात?”

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याची पत्रिका मागितली. म्हणाला, “आजवर हे कोणी विचारलं नाही, नाना.”

लेबल पालथं घालून वाचलं. फुलाचं चित्र, देवाचं नाव, ‘संपूर्ण कुटुंबाची सुरक्षा’. आत काय आहे, कशावर चालतं, किती वेळ ठेवायचं, यातलं एक अक्षर नाही. मी त्याची कॉलर धरली नाही. वयाचा मान ठेवला, माझ्या. फक्त तो कॅन त्याच्या पायापाशी ओतला. गुलाबाच्या बागेत उभं असल्यासारखं झालं.

तेव्हा म्हणाला, “खरं सांगू? पाणी, रंग, साबणाचा नावापुरता थेंब आणि अत्तर. नाना, जंतू कोणाला दिसत नाही, मेलेलाही दिसत नाही. वास मात्र येतो. वासाला गिऱ्हाईक आहे.”

लाज नावाची गोष्ट त्याला कोणी दाखवलेलीच नसावी. तरी जाताना एक गोष्ट मनात आली, की गिऱ्हाईक म्हणजे मी. अख्ख्या सातपुरात या भामट्याला सापडलेला पहिला शहाणा माणूस मी. ही गोष्ट तू निकिताला सांगायची नाहीस.

आता माझी पद्धत. किराणावाल्याकडून ब्लीचिंग पावडर आणली, जी विहिरीत टाकतात ती. संडास धुवायचं ॲसिडही आणलं. दोन्ही जालीम. पातळ पाणी करून फडक्याने पुसत बसणं हे दवाखान्यातल्या नाजूक लोकांचं काम. लोखंड एका घावात तुटत नसेल तर आपण दोन घाव घालतो.

उद्या न्हाणीघरापासून सुरुवात करतोय. आठवड्यात घर निर्मळ झालं नाही तर नाव बदलेन.

केरू

---

१३ फेब्रुवारी

लता,

थोडक्यात लिहितो. इकडे सगळं ठीक आहे.

लंकाबाई सध्या आराम करतेय. स्वयंपाक मी बघतो. पोरं खातात. वरण थोडं पातळ होतं, पण त्यात बोलण्यासारखं काही नाही. हॉटेलात याहून वाईट मिळतं आणि तिथे ताट स्वतःला घासावं लागत नाही म्हणून त्यांना ते चांगलं वाटतं.

न्हाणीघर बंद ठेवलंय. खिडकीची काच फुटली आहे, ती बसवून घ्यायची आहे. पोरं खाली अंगणातल्या नळावर आंघोळ करतात. थंडी आहे, पण तरुण आहेत.

ओमला दवाखान्यात ठेवलंय. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर काय, म्हणतातच.

लंकाबाईचा फोन लागला नाही तर घाबरू नका. बिघडला आहे.

निकिताला मुद्दाम काही कळवायची गरज नाही.

केरू

---

१६ फेब्रुवारी

लता,

आता लपवण्यात अर्थ नाही. निकिता येऊन गेली, म्हणजे तुला सगळं कळलं असणार. पण तिने तिच्या बाजूने सांगितलं असेल. माझी बाजू माझ्याकडून ऐक. आता लिहायला बसलो तर कळतंय की माझ्या बाजूला फारसं काही नाही.

दहा तारखेला सकाळी न्हाणीघर धुवायला काढलं. मी लंकाबाईला म्हटलं, बादलीत पावडर घाल, वरून ॲसिड ओत, फरशीवर पसर आणि दार लावून घे. वाफ कोंडली की कोपऱ्या-कोपऱ्यातलं मरेल. ती बादलीकडे बघत उभी राहिली.

“नाना, मिसळायचं नाय म्हनली ना ताई?”

मी काय म्हणालो ते तुला सांगायला नको. तुझ्या कानाला सवय आहे.

ती आत गेली. मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. वरून काही तरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बादली सांडली. मनात म्हटलं, वेंधळी बाई. हे खरं लिहितोय. पुढची बातमी वाचायला घेतली.

मग काच फुटली आणि अंगणात तुकडे पडले. ओमचा आवाज आला. नुसतं “नाना, नाना.” वर गेलो तर त्या पोराने, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, दार ढकलून तिला केसाला, पदराला, हाताला येईल तिथे धरून बाहेर ओढलं होतं. कोपराने खिडकी फोडली होती. दोघंही जिन्यात पडून खोकत होते. तसं खोकताना मी माणूस पाहिलेला नाही. आतून पिवळट धूर येत होता. मी पायरीवर पोचलो तेवढ्यानेच माझे डोळे आणि घसा पेटला. ती तर आत होती.

वास म्हणशील तर भरपूर होता, लता. योगेशच्या बापाला जमला नसता.

पोरांनी रिक्षा आणली. दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, आपल्या निकिताच्या वयाची. तिने लंकाबाईच्या तोंडावर ऑक्सिजन लावला आणि विचारलं, “बाई, काय झालं? कशाचा वास घेतला?”

लंकाबाईने मास्क बाजूला केला. तिला शब्द काढता येत नव्हता. तरी म्हणाली, “पाय घसरला, बाई. मी पडले. नानांनी आनलं.”

मूर्ख बाई. खोटं बोलायचं तर निदान जमेल असं बोलावं. पाय घसरून कोणाचे डोळे लाल होतात का, छातीत शिट्ट्या वाजतात का? आणि कोणासाठी बोलत होती? मी दारात उभा होतो. मला वाटलं, डॉक्टर विश्वास ठेवतील तर ठेवू देत. हा विचार आला, आणि थांबलाही थोडा वेळ. तेवढ्यात डॉक्टरीण सिस्टरला म्हणाली, “नक्की काय ते कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही.” लंकाबाईचे ओठ निळे दिसत होते.

मी पुढे गेलो. म्हटलं, “ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड. एका बादलीत. दार बंद.”

“कोणी सांगितलं होतं असं करायला?”

“मी.”

“आणि तुम्ही कुठे होता?”

“अंगणात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. मग पाठ फिरवून कामाला लागली. तशी नजर मी आयुष्यभर दुसऱ्यांवर टाकत आलोय. त्या नजरेखाली उभं कसं राहायचं, ते मला कधी शिकावं लागलं नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेसुद्धा कळेना.

पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. लंकाबाईने तोवर पुन्हा पाय घसरल्याचं सांगितलं होतं. मी माझं सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्हाला एवढं कळत नाही?” मी म्हटलं, नाही.

पोरांकडून कळलं तशी निकिता चौदा तारखेला दुपारी आली. माझ्या समोरून आत गेली. लंकाबाईचे केस विंचरले, तोंड पुसलं, तिचा हात धरून बसली. ओमच्या खाटेपाशी जाऊन त्याला काही तरी बोलली, तर तो हसला. मी बाकावर बसलो होतो. जाताना थांबली. मला वाटलं, आता ऐकवेल. मी तयारी करून ठेवली होती, काय उत्तर द्यायचं त्याची.

ती म्हणाली, “बाबा, घरी अजून कोण कोण आजारी आहे?”

मी सांगितलं.

“चला मग,” म्हणाली.

केरू

---

२२ फेब्रुवारी

लता,

तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती.

निकिता दोन दिवस राहिली. माझ्या घरात नाही, तिच्या मैत्रिणीकडे. सकाळी यायची. ती गेल्यापासून मी रोज तिने दाखवलं तसं करतोय. तुला हसायचं असेल तर हस, पण काय करतो ते ऐक.

आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. पोरं एका मजल्यावर दाटीवाटीने बंद खिडक्यांत झोपत होती आणि मी जिन्याच्या कठड्यावर गुलाब शिंपडत होतो. निकिता म्हणाली, खोकल्यातून जेवढं पसरतं त्याच्या मानाने कठड्यावरून थोडंच पसरतं, पण तेही सोडायचं नाही. आजारी एका खोलीत, बाकीचे दुसरीकडे. तोंडाला मास्क. साबण नळापाशी.

मग फडकी. लंकाबाईला मी एकच फडकं दिलं होतं. त्यानेच फरशी, त्यानेच जेवणाचं टेबल. तिने दुसरं मागितलं होतं, तर मी म्हटलं होतं की फडकं काय सणासुदीला नेसायचंय का. आता जागेगणिक वेगळी फडकी आहेत आणि मी ती धुतो.

साबणाच्या पाण्याने पुसलं. नळाची तोटी, दाराची कडी, दिव्याची बटणं, मोबाइल चार्जिंगची जागा, कॅरमच्या सोंगट्या. काय मळ निघाला, लता! इतकी वर्षं मी याच घराला कारखान्यापेक्षा स्वच्छ म्हणत होतो. त्यानंतर ब्लीचचं पातळ पाणी, बाटलीतलं, मापाने. दुसरं काही जवळपास नाही. ॲसिडची बाटली निकिताने घरातून घालवली.

आणि लावून झाल्यावर थांबायचं. हेच जमेना. पहिल्या दिवशी मी लगेच पुसायला गेलो तर निकिताने माझं मनगट धरलं. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. समोरच्या भिंतीवर तिने लहानपणी काढलेल्या रेघा आहेत, रंगाखाली अजून दिसतात. मी म्हटलं, “लंकाबाई बरी होईल ना?” ती म्हणाली, “बहुतेक. पण फुप्फुस पूर्वीसारखं होईल असं नाही.” कठडा ओलाच होता. कारखान्यात असतो तर कोणावर तरी ओरडलो असतो. इथे ओरडण्यासारखं कोणी नव्हतं.

योगेश भेटला होता. ऐकलं म्हणाला, वाईट झालं, आणि नाना, मी आता नवीन आणलंय, कडुनिंबाचं, हिरवं. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. निघाल्या नाहीत. त्याच्या पाण्याने कोणाचं काही बरं झालं नाही, पण कोणाला ऑक्सिजनही लावावा लागला नाही. त्या भामट्यापेक्षा माझा माल वाईट निघाला. त्याला नुसतं सांगितलं, की नंतरची तिन्ही पोरं गुलाबी वासातच आजारी पडली, आणि हे मी गल्लीत घरोघर सांगणार आहे. सांगितलंही. लोक म्हणाले, पण नाना, वास छान होता.

काय करायचं या लोकांचं?

ओम घरी आलाय. अशक्त आहे. मी त्याला भाकरी नेऊन देतो. माझ्या भाकरीचा एकेक तुकडा तो नमुना तपासावा तसा उलटासुलटा करून बघतो, मग खातो. काल म्हणाला, “नाना, लंकामावशीला आणा की.” मी म्हटलं, माझ्या भाकरीत काय वाईट आहे? म्हणाला, “काय नाय. पण ती आली तर बरं होईल.”

नवीन कोणी आजारी पडलेलं नाही. हे तुझ्या लेकीचं काम आहे. मी लिहून देतोय.

केरू

---

४ मार्च

लता,

काल कळवणला गेलो होतो. लंकाबाईला दवाखान्यातून सोडल्यावर तिच्या भावाने तिकडे नेलं, हे तुला माहीत असेलच. तुम्ही तिच्याशी रोज बोलता, असं तिनेच सांगितलं. माझ्याविषयी काय बोलता ते विचारलं नाही.

एसटीत सगळे खोकत होते. मी मास्क लावून खिडकी उघडली, तर मागचा म्हणतो, “काका, वारं लागतं.” मी मान वळवली, काही तरी झणझणीत बोलणार होतो. मग म्हटलं, “तुम्ही इकडे बसा, मी तिथे बसतो.” बसलो. तुझा विश्वास बसणार नाही, पण आभार मानले त्याने.

लंकाबाई अंगणात खाटेवर बसली होती. वाळली आहे. आवाज घोगरा झालाय, बोलता बोलता थांबावं लागतं. भावजय चुलीपाशी होती. चहा आला. भाऊ समोर बसला होता. त्याच्या जागी मी असतो तर मला दारात उभं केलं नसतं.

मी म्हटलं, “लंकाबाई, चूक माझी होती.”

“पाय घसरला, नाना,” ती म्हणाली.

“माझ्यासमोर तरी खोटं बोलू नको.”

“मग काय बोलू? म्हातारपनी तुमाला कोर्टात उभं करू? निकिताताईच्या बापाला?” मग बराच वेळ खोकली. भाऊ उठून आत गेला.

मी घरी चल म्हणालो. पोरं वाट बघताहेत. काम जमेल तेवढंच कर, वरच्या कामाला मी आहे. तिने मान हलवली.

“कामाची लाज नाय. पन आता वास सोसत नाय. इथं शाळेत पोरींनी परवा ते पांढरं पानी शिपडलं, मी नुसती रस्त्यानं चालले व्हते. छाती धरली. बसावं लागलं वाटंत. तुमच्या घरात रोज तेच लावता ना आता?”

“लावतो.”

“मंग मी कशी येऊ? आन् नाय लावलं तर पोरं आजारी पडत्याल.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

मग ती म्हणाली, “आजून एक हाय. आले तरी, मला काय कळतं, हे परत ऐकायची नाय मी. तुमी मालक असाल. पन त्या दिवशी मला कळत व्हतं, नाना. कळत असून आत गेले. तुमी ओरडाल म्हनून. बंद दाराआड काय व्हईल, याच्यापेक्षा तुमच्या तोंडाची भीती मोठी झाली. आसं घर नको मला.”

भावजयीने चुलीतलं लाकूड ओढलं. धूर आला, तर लंकाबाईने तोंडावर पदर घेतला. चहा निवला. इतक्या वर्षांत या बाईने माझ्यासमोर सलग एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बोलू दिलं असतं तर ऐकलं असतं.

म्हटलं, “बरं.”

“बरं काय?”

“दोन्ही बरं. ते पुन्हा बोलणार नाही. आणि वासाचं बघतो.”

“बघा मंग,” म्हणाली. येते म्हणाली नाही.

लता, तू परत ये म्हणून हे पत्र नाही. लंकाबाई जे बोलली ते तू कधी बोलली नाहीस, पिशवी भरलीस. दोन्हीचा अर्थ एकच आहे हे मला कळवणच्या बसमध्ये परत येताना कळलं, आणि मी उगाच खिडकीबाहेर द्राक्षांच्या गाड्या बघत बसलो. तुझं तू ठरव. मी विचारणार नाही, आणि लोकांना यापुढे लेकीचं घर लावायला गेलीय असंही सांगणार नाही.

काम निकिताशी आहे. मेसेज लिहायला घेतला होता, पण जमत नाही. माझ्या हाताने तिला नुसते हुकूमच लिहिले जातात. म्हणून तुझ्याकडून.

तिला विचार, ब्लीचला दुसरं काही आहे का? फ्लूवर चालणारं, पण लंकाबाईच्या छातीला न झोंबणारं. वास नसलेलं असलं तर उत्तम. दुकानदाराला विचारलं तर त्याने बिनवासाचं म्हणून एक बाटली दिली. तिच्यावर काय मारतं आणि किती वेळात, ते बारीक अक्षरात आहे, मी भिंग घेऊन वाचलं, तरी त्यातली नावं मला समजली नाहीत. नुसत्या साबणाच्या पाण्याने भागेल का? की लंकाबाई बाहेर असताना ब्लीच लावून, खिडक्या उघडून, सगळं वाळल्यावर तिला आत घेतलं तर चालेल? कठडा लोखंडाचा आहे, त्याचाही रंग उडायला लागलाय, पण ते राहू दे. आधी तिच्या छातीचं.

मला माहीत नाही. तिला माहीत असेल.

तिला म्हणावं, फोन कर. कितीही वेळ लागू दे, सगळं सांग. ती सांगत असताना मी मध्ये बोलणार नाही.

केरू